विल्बर्नकाकांना जमेल असं पिस्तूल

आमच्या दुकानात येणारा दर दुसरा नवरा बायकोसाठी सगळ्यात लहान पिस्तूल मागतो. लहान हात, म्हणून लहान पिस्तूल, असं त्याचं साधं गणित असतं. मी त्याला आधी पोटभर बोलू देते, मग ते इवलंसं पिस्तूल त्याच्या बायकोच्या हातात ठेवते आणि म्हणते, आता गोळी चढवायला ही वरची सरकती स्लाईड मागे ओढा. ती ओढते, ओठ चावते, लालबुंद होते, पण स्लाईड काही हलत नाही. पिस्तूल जितकं लहान, तितकी आतली स्प्रिंग ताठ आणि गोळी सुटल्यावर मनगटाला बसणारा झटकाही तितका जोराचा. पर्समध्ये छान मावतं म्हणून घ्यायचं आणि वेळ आली की नुसतं हातात धरून बसायचं. या काउंटरमागे उभी राहून हे मी एकोणीस वर्षं सांगते आहे. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे, तरी लोक डॉयलला सोडून माझ्याकडेच येतात, कारण माझ्या हातून चुकीचं पिस्तूल घेऊन कधी कोणी गेलं नाही. निदान गेल्या फेब्रुवारीपर्यंत मी तसं छाती ठोकून सांगत होते.

डॉयल म्हणजे दुकानाचा मालक. पुढच्या भागात तो मासेमारीचे गळ, दोऱ्या आणि जिवंत किडे विकतो, मागच्या भागात बंदुका आहेत आणि तो भाग माझा. केंटकीतल्या या डोंगरात खाणी बंद पडल्यापासून पुढचा भाग अर्धा रिकामा असतो. मागचा मात्र कधी रिकामा नसतो. काम गेलं, मुलं लेक्सिंग्टन शहरात गेली, रस्त्यावरची निम्मी घरं ओस पडली, की माणसाला कमरेला काहीतरी असावंसं वाटतं. ते बरं की वाईट हे मी कधी ठरवत बसले नाही. शर्टाखालून फुगवटा दिसणार नाही, गाडीत बसल्यावर पोटात रुतणार नाही, आणि त्या माणसाच्या हाताला जमेल, एवढं मी बघायची.

विल्बर्न टॅकेट फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी आले. वय एकोणऐंशी. खाणीत ते माझ्या वडिलांबरोबर इलेक्ट्रिशियन होते. छत कोसळलं तेव्हा वडिलांना बाहेर काढायला जे चौघे आत गेले त्यांत ते होते. वडील जिवंत निघाले नाहीत, पण निघाले, आणि आमच्याकडे त्यालाही मोल आहे. त्यानंतर आईला सरपण कोणी फोडून दिलं, माझ्या सायकलची चेन कोणी बसवली, माझ्या ओलिटा या नावाचं लाडाचं ओली कोणी केलं, नऊ वर्षांच्या मला मागच्या अंगणात बंदूक कशी धरायची हे कोणी शिकवलं, तर विल्बर्नकाकांनी. त्यांचा एकच नियम होता. देणाऱ्यानं ती उघडून रिकामी आहे का ते बघायचं आणि घेणाऱ्यानंही पुन्हा उघडून बघायचं, मग समोर स्वतः पास्टर का असेना. आजही मला एखादा माणूस शहाणा आहे की वेडा हे ठरवायचं असलं, तर मी त्याच्या हातात पिस्तूल देते आणि तो काय करतो ते बघते. आमच्याकडे सगळेच तसं करतात. दारुड्या, बढाईखोर, घाबरट, सगळे तिथे उघडे पडतात.

ते येणार हे मला आठ दिवस आधीच कळलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी टॅमरा हिचा लेक्सिंग्टनहून फोन आला होता. ती तिथे एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि दर शनिवारी गाडी हाणत वडिलांकडे येते. म्हणाली, डॅडी दोन वर्षं विसरतायत, आता वाढत चाललंय. दोनदा शेगडी चालू राहिली. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी परवा विचारत होते की इमोजीन अजून बाजारातून कशी नाही आली. म्हणून तिने त्यांचं जुनं जाडजूड पिस्तूल लेक्सिंग्टनला नेऊन ठेवलं होतं, आणि त्यांना सांगितलं होतं की ते दुरुस्तीला दिलंय. तुझ्याकडे आले तर त्यांना दुसरं देऊ नकोस, एवढंच तिचं मागणं होतं.

मला राग आला. मुलं शहरात जातात, आणि मग शनिवारी येऊन आधी गाडीच्या किल्ल्या, मग शिडी, मग कुऱ्हाड अशी एकेक वस्तू घरातून उचलतात, असं मी चार घरांत पाहिलं होतं. मी म्हणाले, "तूच का नाही सांगत त्यांना? दुरुस्तीची थाप कशाला?"

ती म्हणाली, "मला नाही जमत, ओलिटा. त्यांच्या तोंडावर नाही सांगता येत."

ते मात्र खरं होतं. आमच्या खोऱ्यात माणसाला तोंडावर काहीही सांगता येतं. तू फार पितोस, तुझा मुलगा चोर आहे, तुझं स्वयंपाकघर घाण असतं. पण कमरेचं ते आता काढून ठेव, हे म्हाताऱ्या माणसाला कोणी सांगत नाही. त्याच्यापेक्षा त्याला सरळ मेलास म्हणणं सोपं. चर्चमध्ये काका गेली नऊ वर्षं दर रविवारी दारात उभे असायचे, जाकिटाखाली पिस्तूल लावून. बाहेरच्या गावांत चर्चमध्ये गोळीबार झाल्याच्या बातम्या ऐकून पास्टरने ते काम त्यांना दिलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाशी ते डाव्या हाताने हस्तांदोलन करायचे, म्हणजे उजवा मोकळा. पोरंसोरं मुद्दाम उजवा हात पुढे करायची आणि ते खोटं खोटं रागवायचे. टॅमराने पिस्तूल नेल्यावर ते तीन रविवार आलेच नव्हते. मी तिला म्हणाले, बघते. एवढंच म्हणाले.

तर त्या मंगळवारी ते आले, दाढी घोटलेली, शर्टाला कडक इस्त्री. काउंटरला टेकले आणि म्हणाले, "तीन आठवडे झाले, पोरी. तो माणूस ते दुरुस्त करतोय, का जमिनीत पेरून उगवायची वाट बघतोय?"

मी हसले. त्यांना आता लहानसं हवं होतं. जुनं कमरेला जड होतं, गाडीचा पट्टा लावताना बकल त्यावर आपटायचं. नाहीतरी दारात उभं राहून पाय दुखतात, तर निदान कंबर तरी हलकी असू दे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी ठरवलं होतं की नीट बघायचं. टॅमरा म्हणते तसं आहे का, ते माझ्या डोळ्यांनी बघायचं. मी सगळ्यात लहान पिस्तूल काढलं, गोळ्यांचं मॅगझिन बाजूला केलं, स्लाईड मागे अडकवून आत रिकामं आहे ते पाहिलं आणि त्यांच्या हातात दिलं. काकांनी बोट चापापासून लांब ठेवलं, नळी जमिनीकडे केली, आत डोकावले, आणि तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून करंगळी आत घालून चाचपून पाहिलं. मलाच शिकवलेलं सगळं, काही म्हणता काही विसरले नव्हते. मी मनात म्हटलं, हा माणूस विसरतोय? त्या क्षणी टॅमराचं बोलणं मी मनातून पुसून टाकलं. डॉयलनेही पुढून पाहिलं होतं, तोही नंतर हेच म्हणाला. हाताला जे पन्नास वर्षांचं वळण आहे ते डोकं गेलं तरी जात नाही, हे आम्हाला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तोवर आमच्या लेखी पिस्तूल नीट धरणारा माणूस म्हणजे शुद्धीतला माणूस.

ते इवलंसं पिस्तूल शर्टाच्या खिशात जाईल एवढं होतं. करंगळी मुठीवर मावत नव्हती, नुसती खाली लोंबत होती. काकांनी स्लाईड पुढे सोडली आणि मग मागे ओढली. नाही आली. पँटला हात पुसून पुन्हा ओढली. बोटांचे सांधे सुजून अक्रोडासारखे झालेले होते. तिसऱ्यांदा ओढताना त्यांचा खांदा थरथरला, आणि मग त्यांनी ते पिस्तूल काचेवर अगदी हळू ठेवलं आणि पुढे टांगलेल्या गळांकडे बघत राहिले.

मी पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याला स्लाईड नाही, ओढाओढी नाही, फडक्यात गुंडाळून वर्षभर ठेवलं तरी कुरकुर नाही. पण चाप जड. काकांचं बोट निम्म्यात अडकलं. त्यांनी दुसरं बोट मदतीला घेतलं तेव्हा नळी भिंतीवर गिरक्या घ्यायला लागली.

"याला माझ्यापेक्षा जास्त संधिवात झालाय," ते म्हणाले. मग स्वतःच्या हातांकडे बघून, हसत नव्हते आता, म्हणाले, "चला. माझे पिस्तुलाचे दिवस संपले म्हणायचे, ओली."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. मुलगी सांगू शकली नव्हती, पास्टर सांगू शकला नव्हता, मी तर नाहीच. त्यांचे स्वतःचे हात त्यांना सांगत होते आणि त्यांना ते पटलं होतं. आणखी मिनिटभर कोणी काही बोललं नसतं, तर त्यांनी टोपी घातली असती, डॉयलला हात केला असता आणि घरी गेले असते. थोडे रडले असते कदाचित. पण ज्या माणसाने माझ्या वडिलांना ढिगाऱ्यातून काढलं, त्याला असं माझ्या काउंटरसमोर खांदे पाडून उभं राहिलेलं मला बघवेना.

मी म्हणाले, "थांबा, काका. अजून एक आहे."

ते मी मागच्या कपाटातून आणलं. महिन्यापूर्वीच आलं होतं, जरासं जाड, वितीएवढं लांब, पण मुद्दाम मऊ स्प्रिंगचं, कमजोर हातांसाठी बनवलेलं. सांधे आखडलेल्या दोन बायकांना मी ते दिलं होतं आणि दोघी खूश होत्या. मी उघडून दाखवलं, काकांनी उघडून पाहिलं, आणि मग स्लाईड ओढली. लोण्यातून सुरी गेल्यासारखी मागे आली. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं, आज पगार नाही मिळाला तरी चालेल.

मग त्यांनी जाकीट घातलं, पिस्तूल कमरेला लावून गर्रकन वळून दाखवलं, आणि पुढून डॉयल म्हणाला की काही म्हणता काही दिसत नाही. जाड असलं तरी मुठीवर तिन्ही बोटं मावतात, झटका कमी, दहा गोळ्या बसतात, घामाने गंजत नाही, सगळं मी सांगितलं आणि ते मान डोलावत होते. नंतर काचेवर पडलेल्या त्या पहिल्या इवल्याशा पिस्तुलाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आणि हे गं? हे छान दिसतंय. हे नाही का दाखवत?"

मी ते ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत मस्करी नव्हती, हेही मी पाहिलं. मी म्हणाले, ते ताठ आहे काका, तुम्हाला नको. पुढे शेरीफच्या पोलिसाने मला विचारलं की त्यांच्या वागण्यात काही वेगळं जाणवलं का, तेव्हा मी नाही म्हणाले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

फॉर्म त्यांनी स्वतःच्या हाताने भरला. कोर्टाने कधी मानसिक आजारी ठरवलंय का, या प्रश्नासमोर नाही अशी खूण केली आणि ते खरंच होतं, टॅमरा अजून कोर्टात गेली नव्हती. गिऱ्हाइकाची नोंद तपासणाऱ्या सरकारी ऑफिसला मी फोन लावला, चार मिनिटांत पलीकडून होकार आला. होकार आला तरी विकायचं की नाही हे दुकानाच्या हातात असतं. डॉयल दारू प्यायलेल्याला सरळ हाकलतो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, मी पावती करण्यात गुंतले आहे असं दाखवलं, आणि तो किड्यांच्या डब्यांकडे वळला. त्या रविवारी काका चर्चच्या दारात होते. माझा डावा हात हातात घेऊन त्यांनी डोळा मारला. टॅमराला मी फोन केला नाही. ती विचारील तेव्हा बघू, असं म्हटलं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेनऊला टॅमरा नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराने आत आली, हातात सामानाच्या पिशव्या. काका टेबलाशी कॉफी पीत होते. त्यांनी विचारलं, कोण तू? तिला वाटलं चेष्टा करतायत. ती हसली आणि पुढे आली. एकच गोळी, उजव्या खांद्यात.

नंतर त्यांनी स्वतः पोलिसांना फोन केला. त्या फोनची ध्वनिफीत शेरीफने टॅमराला ऐकवली आणि तिने मला सांगितलं. आवाज अगदी शांत. पत्ता नीट सांगितला, घरात एक परकी बाई शिरली होती, तिला लागलंय, गाडी पाठवा. पिस्तूल रिकामं करून, उघडं करून टेबलावर ठेवलंय, तुमच्या माणसांना सांगा, घाबरू नका. मग ते जमिनीवर तिच्याजवळ बसले, टॉवेलने जखम दाबून धरली आणि गाडी येईपर्यंत तिला म्हणत राहिले, रडू नकोस बाई, येतायत ती माणसं, तुझ्या घरी कोणाला कळवायचं ते सांग.

खटला झाला नाही. न्यायाधीशाने त्यांना परगण्याच्या वृद्धाश्रमात पाठवलं. मी आठवडाभर घरी बसले आणि मग पुन्हा काउंटरमागे उभी राहिले. कोणी काही बोललं नाही. चर्चमध्ये बायकांनी मला मिठ्या मारल्या, पास्टरने टॅकेट कुटुंबासाठी प्रार्थना केली, डॉयलने तसलंच उरलेलं मऊ स्प्रिंगचं पिस्तूल मागच्या कपाटातून काढून कुलपात ठेवलं आणि का काढलं ते बोलला नाही. इतकं सभ्य गाव. कोणीतरी एक माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

जूनमध्ये टॅमरा आली. भर दुपार, मागच्या भागात आम्ही दोघीच, डॉयल पुढे. उजवा हात गळ्यात बांधलेला होता. तो आता खांद्याच्या वर कधी जाणार नाही, असं मला कळलं होतं. ती म्हणाली, "त्यांना कोणकोणती दाखवलीस, ती काढ."

मी तिन्ही काढली, उघडून काचेवर ओळीने ठेवली. तिने हात लावला नाही. कोणतं काय, हे तिने विचारलं आणि मी सांगितलं. हे ओढता आलं नाही, याचा चाप दाबता आला नाही, हे जमलं.

"म्हणजे दोन जमली नव्हती."

"नाही."

"मग काय म्हणाले ते?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण तिच्या हाताकडे बघून बोलवेना. मी सांगितलं, "माझे पिस्तुलाचे दिवस संपले, म्हणाले."

टॅमरा काउंटरला टेकली, जसे तेव्हा काका टेकले होते तशीच. "स्वतः म्हणाले?" तिने विचारलं. मी मान डोलावली. ती म्हणाली, "दोन वर्षं मी त्यांच्या तोंडून तेवढंच ऐकायची वाट बघत होते, ओलिटा. दर शनिवारी. आज म्हणतील, आज म्हणतील. आणि तुझ्यासमोर म्हणाले."

"मला बघवलं नाही गं," मी म्हणाले. "त्यांना वाईट वाटत होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डाव्या हाताने पर्स उचलली आणि सांगितलं की डॅडी माझी आठवण काढतात, ओली का येत नाही म्हणून विचारतात. तेव्हा मी रविवारी यायचं. त्यांना झालेलं काही आठवत नाही. हाताचं काय झालं, असं ते दर वेळी नव्याने विचारतात, आणि ती सांगते, मागच्या पायरीवरून पाय घसरला. मीही तेच सांगायचं.

"तुला जमेल," दाराशी जाऊन ती म्हणाली. "त्यांना वाईट वाटू नये म्हणून काय करायचं, ते तुला चांगलं कळतं."

मी रविवारी गेले. खोलीत फिनेलचा आणि शिजवलेल्या कोबीचा वास होता. काका खिडकीशी खुर्चीत बसलेले, दाढी कोणीतरी घाईने केलेली, हनुवटीवर चिरलेलं. मला त्यांनी लगेच ओळखलं, डावा हात पुढे केला. टॅमरा त्यांच्यापलीकडे पलंगावर बसली होती. त्या दिवशी त्यांना तीही ओळखू येत होती. त्यांनी तिच्या बांधलेल्या हाताला हळूच स्पर्श केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस का हिचं, ओली? पायरीवरून पडली. एकटी होती घरात. मी असतो तर असं झालं असतं का?"

टॅमराने माझ्यावरची नजर काढली नाही. ते उत्तराची वाट बघत होते.

"नसतं झालं, काका," मी म्हणाले.